फितीत बद्ध यंत्र आणि सिस्टरांची कात्री

सन्मित्रहो, आज प्रातःकाळी शेजारचे दगडूअण्णा छाती धरून कोसळले. त्यांना गावच्या आरोग्य केंद्रात नेले. हृदयतपासणीचे नवे यंत्र तेथे विराजमान होते. परंतु उद्घाटनाच्या प्रतीक्षेत, लाल फितीत बद्ध.

सिस्टरांनी कात्री उचलली. शिपाई कळवळला, "सिस्टर, आमदारसायबाच्या हातानं उद्घाटन व्हायचं हाय!"

"सायेब आले की दुसरी फीत बांधू. दुसरे अण्णा कुठून आणू?"

फीत कापून काढलेला हृदयाचा आलेख पाहताच डॉक्टरांनी अण्णांना तत्काळ बीडला धाडले. आत्ताच तेथून फोनवर त्यांचा क्षीण स्वर आला, "वाचलो. उद्घाटन माझ्यावरच झालं, तर नारळ कुणी फोडला रे?"

शासन यंत्र पाठवते. सेवा मात्र कुणीतरी धाडस केल्यावरच सुरू होते. सिस्टरांना साष्टांग प्रणिपात! आपल्या गावी काय काय अद्याप फितीत आहे?