पेपर बाहेर, बायको आत

विसरणाऱ्या माणसाच्या घरात किस्से लई साचतात बघा. त्याला एकही आठवत न्हाई, म्हणून सगळे माझ्याच डोक्यात येऊन पडतात! रोज माझ्यासंगं फिरायला येता तर ऐका, तेवढंच माझं डोकं रिकामं.

आमचे सर, म्हणजे माझे मालक, लातुरात फिजिक्स शिकवायचे. आधी कॉलेजात, मग क्लासमध्ये. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. काही वर्षं झाली, सगळं विसरत चाललेत. आधी चष्मा विसरायचे, मग आपली गल्ली, आता माणसं.

*

नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरणाच होता. त्यानं विचारलं, "सर, आज वार कोणता?"

सर म्हणाले, "तुला माहीत न्हाई? उभा राहा!"

डॉक्टर खरंच उभा राहिला! सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. पुढची सगळी तपासणी त्यानं उभ्यानंच केली. निघताना मला हळूच म्हणाला, "काकू, आजार वाढत जाणार. दरारा मात्र राहील असं दिसतंय!"

*

आमच्या वरच्या खोल्यांत डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला आलेल्या पोरी राहतात. लातुरात आता घरं कमी अन् होस्टेलं जास्त! त्यातली नसरीन बिलोलीची. तिचे अब्बा टेलर. एकदा पोरीला भेटायला आले, तर सरांनी गेटमध्येच गाठलं. दाढी पिकलेला माणूस, अन् सर म्हणतात, "काय रे, तू अजून तीच परीक्षा रिपीट करून राहिलास का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अब्बांनी टोपी सारखी केली, खाली मान घातली अन् म्हणाले, "हाव सर. औंदा शेवटचा चान्स."

"फॉर्म्युले पाठ हायत का?"

"न्हाई सर."

"मग हिंडतोस कशाला? बस अभ्यासाला!"

बिचारे ओट्यावर नसरीनचं पुस्तक उघडून बसले. बिलोलीची बस गेली, तरी सर काय सोडेनात!

*

भूकंपाचा किस्सा तुम्हाला ठाऊक हाय, तरी सांगते. त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे घर गदागदा हाललं. सर उठले, टेबलावरचा सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा छातीशी धरला अन् पळाले अंगणात! मी आतच. दार अडकलं होतं, देवाचं नाव घेत कशीबशी बाहेर आले. बघते तर सर लिंबाच्या झाडाखाली पेपर नीट लावून राहिले!

"अहो, अन् मी?"

म्हणाले, "अगं, पेपर लोकांच्या लेकरांचे. तू तर घरचीच!"

तेव्हापासून कितीही मोठं भांडण झालं तरी मला एकच वाक्य पुरायचं. "पेपर बाहेर, बायको आत!" की सर गप.

त्या दिवसांत आपण सगळे स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचून ठेवायचो, आठवतं का? जमीन हालली की पेले पडणार, पेले पडले की पळायचं. लोकांनी ते कधीच सोडलं. सरांनी आता परत धरलंय! घरातले सगळे पेले रचतात अन् खुर्ची टाकून राखण करतात. परवा हदगावची नणंद आली, पाणी मागितलं. म्हटलं, "वन्सं, दम धरा जरा. भूकंप झाला की देते!"

*

आता सर मला ओळखत न्हाईत. मी म्हणजे मेसवाली मावशी. जेवताना म्हणतात, "मावशी, आमटी बरी हाय. पण आमच्या सुमनच्या हातची चव न्हाई."

सुमन म्हणजे मीच की! उभ्या संसारात एकदा कौतुक केलं न्हाई, अन् आता रोज करतात, ते पण मला ऐकवून! राग पण येतो अन् रडू पण येतं. एकदा विचारलं, "कुठं हाय हो तुमची सुमन?"

"आत हाय की. कामात हाय."

*

मागच्या आठवड्यात माझा लेक प्रशांत पुण्याहून आला. सूनबाईला दिवस गेलेत, तिकडं माझी गरज. हे घर होस्टेलवाल्याला द्यायचं, मला पुण्याला न्यायचं अन् सरांना तिथल्या विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या एका सेंटरमध्ये ठेवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलेलं. पोरगं वाईट न्हाई माझं. जीव तोडून सांगत होता, "आई, बाबा तुला ओळखत पण नाहीत. तू जवळ असलीस काय, नसलीस काय, त्यांना काय फरक पडतो?"

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरची मशीन सुरू झाली. घर थरथरलं अन् पेले धडाधड खाली!

सर ताडकन उठले. माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. मला ओढत अंगणात आणलं, लिंबाखाली बसवलं. "मावशी, हितनं हालू नका." अन् वळले परत घराकडं.

प्रशांत आडवा आला. "बाबा, कुठं चाललात?"

"सरक! सुमन आत हाय. मागच्या टायमाला राहिली होती."

गेले आत. ह्या खोलीतून त्या खोलीत नुसत्या हाका, "सुमन! ए सुमन!" मला ऐकवेना. मी उठले, मागच्या दारानं पळत गेले अन् स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

सर दारात आले. टेबलावर नसरीन विसरून गेलेला टेस्ट पेपरांचा गठ्ठा पडला होता. त्यांनी एकदा तिकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग हात पुढं केला.

"हितं हायस व्हय! चल लवकर. पेपर राहू दे!"