सरकारी व्यसनी

दारूबंदीच्या काळात माझ्या वडिलांनी दारू प्यायचा परवाना काढला आणि आमच्या घरात जो घोळ झाला, तो मला अजून उलगडलेला नाही. परवान्यावर त्यांच्या नावापुढे चक्क 'व्यसनी' असं लिहिलं होतं. संध्याकाळी दोन घोट घेणारा माणूस! आईने त्यांना तडक कचेरीत परत पाठवलं, शब्द बदलून आणा म्हणून. तिथला कारकून म्हणाला, "अहो, व्यसनी नसाल तर आपल्याला दारू कशाला हवी?"

वडील परवाना तिथेच टाकून आले आणि बिबवेवाडीच्या मळ्यात हातभट्टीची प्यायला जाऊ लागले. आई मात्र खूश. आमच्याकडे परवाना नाही, असं शेजारणींना ताठ मानेने सांगायची. आता मी चिडायचं कोणावर? सरकारवर, आईवर, की त्या शब्दावर?

त्या हातभट्टीने वडिलांचे डोळे गेले. डॉक्टरांनी व्यसनाबद्दल विचारलं, तेव्हाही आई फणकारली, "ह्यांना कसलं व्यसन? तसा कागद दाखवा!"