वर गेली की वाजणारा अलार्म

मंगळवारी दुपारी मी आईला फोनवर झाप झाप झापलं. हे कुणाला सांगायचं नव्हतं खरं तर... पण मनातून जात नाहीये.

आई डोंबिवलीला एकटी असते, कोपरच्या बाजूला. मी ठाण्यात, कोलशेतला. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांना विचारून तिच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर बसवून घेतला. तिची शुगर मला माझ्या मोबाइलवर दिसते, आणि फार वर गेली की अलार्म वाजतो.

वाजला की मी फोन करायचे. काय खाल्लंस? किती खाल्लंस? भात कशाला घेतलास? जन्मभर भात खाल्लेली कोकणातली बाई, तिचा भात दोन घासांवर आला. आलेख सरळ यायला लागला आणि मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरायचे... जणू माझंच प्रगतिपुस्तक.

मंगळवारी तिच्याकडे भजनी मंडळ होतं. साडेचारला अलार्म वाजला. मी फोन लावला, तर म्हणाली, "थोडी साखर घेतली गं."

झालं... माझा पारा चढला. वयाचं भान नाही, जिभेवर ताबा नाही, मी इथे जिवाचं रान करतेय... तोंडाला येईल ते बोलले. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे मला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं. चुकलं माझं."

संध्याकाळी शेजारच्या मंदाकाकूंचा फोन आला. "अगं, तिला दरदरून घाम फुटलेला, हात लटलट कापत होते. साखरेचं पाणी मी पाजलं तिला. आणि तू आठ बायकांसमोर तिलाच बोललीस?"

मी ॲप उघडलं. चढायच्या आधी आलेख पार तळाला गेलेला. शुगर खाली गेल्यावर वाजणारा अलार्मही असतो त्यात... आईची कसली खाली जातेय, असं म्हणून मीच तो बंद करून ठेवला होता.

तशीच निघाले आणि डोंबिवली गाठली. आई पडून होती. शुगरची दुपारची गोळी तिने वेळेवर घेतली होती, जेवली मात्र नव्हती. का, म्हणून विचारलं.

"जेवले की तुझा फोन येतो," ती म्हणाली. "बायकांसमोर नको, म्हटलं. त्या गेल्यावर जेवणार होते."

मला रडूच फुटलं. माफी मागितली, तर म्हणे, "काळजीपोटीच बोलतेस ना गं." त्याने आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी कमी केली, भात किती घ्यायचा ते वाटीने ठरवून दिलं आणि मला समोर बसवून दोन्ही अलार्म चालू करायला लावले. मंडळातल्या बायकांना मी एकेकीला फोन करून सॉरी म्हटलं. मंदाकाकू त्या दिवशी तिथे नसत्या तर... पुढचं लिहवत नाही.

घरी येऊन मी आईला भात वाढला. पहिला घास हातात घेऊन ती थांबली... आणि तिने आधी माझ्या मोबाइलकडे पाहिलं.

माझ्या आईला जेवताना माझी भीती वाटते. हे मी केलंय.