सगळ्यांना पाच-नऊ

आम्हा हॅम रेडिओवाल्यांत, म्हणजे घरबसल्या हौसेनं बिनतारी बोलणाऱ्यांत, एक शिष्टाचार आहे. कुणी हाक दिली की आधी त्याचा आवाज कसा येतोय ते त्याला दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा पाचपैकी, बोलणं किती कळतंय त्याचा. दुसरा नऊपैकी, आवाजाला जोर किती आहे त्याचा. आणि आवाज कसाही येवो, सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. लग्नातली आमटी कितीही पाणचट असली तरी आपण यजमानाला 'झकास झालीय' म्हणतो, तसंच हे.

एक गृहस्थ मात्र तसं म्हणत नसत. ते कसबा बावड्याचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, कळंब्याकडे राहणारा, तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरी काढलेला. आमची गाठ पडायची ती सकाळी सातच्या नेटवर. नेट म्हणजे राज्यभरातले दहा-बारा हौशी रोज एका ठरलेल्या जागी रेडिओवर जमतात आणि एकमेकांची हजेरी घेतात ते. बाकीचे मला पाच-नऊ देत. हे मात्र सावकाश, अगदी अदबीनं सांगत, "पाच-सात, सर. माइक जरा लांब धरावा." एकदा मेळाव्यात समोरासमोर भेटलो तेव्हा चारचौघांत म्हणाले, "पावणं, माठात तोंड घालून बोलल्यागत येतोय की तुमचा आवाज!" सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन बायकोपुढं तासभर फणफणलो.

तेव्हापासून आमची जुंपली. किती देशांशी बोलणं झालं, बोलणं झाल्याची खूण म्हणून पोस्टानं येणारी कार्डं कुणाकडं किती आली, कुणाची अँटेना उंच. रेडिओवर मात्र आवाज चढवायचा नाही, मध्ये तोंड घालायचं नाही. एकदा एका लांबच्या बेटावरच्या स्टेशनला आम्ही दोघंही हाका मारत होतो. त्यानं यांची हाक पकडली. दोन वाक्यं बोलून हे त्याला म्हणाले, "माझ्याच गावचं आणखी एक स्टेशन तुम्हाला बोलावतंय. दुबळं आहे, जरा कान देऊन ऐका." त्यामुळं माझंही बोलणं झालं. त्या बेटाचं कार्ड अजून माझ्या भिंतीवर आहे. आभार मात्र मी कधी मानले नाहीत. 'दुबळं' हा शब्द माझ्या घशाखाली उतरला नाही.

मग बायको गेली. तेरावं उरकलं, मुलगा पुण्याला परत गेला, आणि चौदाव्या दिवशी सकाळी सातला मी रेडिओ लावला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर सगळे हळहळणार, आणि मला तर एवढी एकच जागा हवी होती जिथं काही झालेलं नाही. सगळ्यांनी पाच-नऊ दिले. हे म्हणाले, "चार-पाच. काय बिघडलंय, बघा." माझं डोकंच फिरलं. तरी सेट उघडून दोन दिवस शोधलं. काहीच बिघडलेलं नव्हतं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नेटवर त्यांची पाळी आली की मी चहा ठेवायला उठायचो.

तीन वर्षं अशीच गेली. कित्येक दिवस नेटवरच्या दोन वाक्यांखेरीज माझ्या तोंडून अक्षर बाहेर पडायचं नाही. त्यातच मध्ये कधीतरी हे गृहस्थच नेटवर यायचे बंद झाले. मी मनात म्हटलं, बरं झालं. लाज वाटते, पण म्हटलं खरं.

गेल्या काही महिन्यांत मला सगळे मंद ऐकू येऊ लागले होते. आमच्यात असं झालं की सगळे सूर्याला नावं ठेवतात, त्याच्यामुळं लहरी नीट पोचत नाहीत म्हणतात. मीही त्याच्यावरच ढकललं. लोक तर मला पाच-नऊ देतच होते.

बायकोच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. माझी पाळी आली तेव्हा पहिल्यांदाच बोललो, "उद्या माझ्या पत्नीला जाऊन तीन वर्षं होतायत. उद्या मी नसेन."

क्षणभर खरखर. मग नेट चालवणाऱ्यांचा आवाज आला, "पाच-नऊ, सर! वा, फार छान! आपलं मनापासून अभिनंदन!"

मी माइक हातात धरून बसून राहिलो. त्यांचा राग नाही आला. ते बिचारे शिष्टाचार पाळत होते. माझ्या बोलण्यातलं एक अक्षरही त्यांना कळलं नव्हतं, एवढंच. गच्चीवर जाऊन पाहिलं तर अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी शिरलेलं, आतली तार हिरवी पडलेली. किती महिने मी असा एकटाच बडबडत होतो कोण जाणे. हे मला पहिल्याच दिवशी सांगेल असा एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पान वाढून झाल्यावर, बावड्याला गेलो. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. "मामांस्नी आता ऐकू येत न्हाय ओ," ती म्हणाली, "ह्यावर लिवा," आणि हातात पाटी दिली. ते खिडकीपाशी खुर्चीत होते. शेजारी सेट, त्यावर धुतलेला टॉवेल पांघरलेला. मला ओळखून त्यांनी पाटी बाजूला सारली आणि तळहात पुढं केला. "हातावर मारा की," म्हणाले, "मोर्स इसरलासा काय?"

मी खुर्ची ओढून बसलो. डाव्या हातात त्यांचा हात धरला आणि बोटानं दाबू लागलो. टिंबाला जरासं, रेघेला लांब. असा कुणाचा हात धरून तीन वर्षं झाली होती. एकेक अक्षर करत एवढंच सांगितलं, बायको गेली, तीन वर्षं झाली, कुणाला बोललो नव्हतो.

ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं म्हणाले, "तवाच म्हणलं हुतं न्हवं, काय बिघडलंय, बघा."

माझा हात तिथंच राहिला. दोन दिवस मी सेट उघडून काय शोधत होतो, ते मला आत्ता कळत होतं. डोळे पुसले आणि सवयीनं, प्रत्येक बोलण्याअखेर विचारतात तसं, त्यांच्या हातावर विचारलं, "कसा येतोय?"

त्यांनी डोळे मिटून विचार केला. नऊ द्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"पाच-तीन," ते म्हणाले. "जोर न्हाय. पर समदं कळलं."