आबांच्या रक्ताचा नमुना

आबा, माझे वडील, सैन्यात ड्रायव्हर होते. डोंगरातल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं ट्रक चालवून ते पेन्शनीवर आले आणि वाईजवळच्या आमच्या गावात ऊस लावून राहिले. मी तेव्हा महामार्गालगतच्या एका सरकारी रुग्णालयात नर्स होते. मोठा अपघात झाला की पोलीस ड्रायव्हरला आमच्याकडे आणत. त्यानं दारू घेतली होती का, हे तपासायला रक्ताचा नमुना घ्यावाच लागे. घेणार डॉक्टर, मदतीला मी. शिव्या देणारे, रडणारे, पाया पडणारे, सगळे पाहून झाले होते.

एका रविवारी दुपारी आबांचीच जीप दारात येऊन थांबली. आबांनी आणि माझ्या चुलत्यानं मागच्या सीटवरून एका बाईला उचलून आत आणलं. शिरवळच्या कारखान्यात कामाला, स्कूटीवरून पाळीला निघालेली. मांडीचं हाड मोडलं होतं.

"मी ठोकलं हिला," आबा म्हणाले. "आदी हिला बघा."

दोघं लग्नाचं जेवण करून परतत होते. आबांच्या तोंडाला वास येत होता.

बाईचा पाय बांधून, सलाईन लावून आम्ही तिला साताऱ्याला रवाना केलं. हवालदार येऊन आबांच्या रक्ततपासणीचं पत्र लिहायला बसला. तेवढ्यात चुलत्यानं मला कोपऱ्यात ओढलं.

"दोन तास जाऊ दे गं. लिंबूपानी पाजतो, तवर उतरंल. तुज्याच हातात हाय."

मी कपाटाशी गेले. नमुन्याच्या बाटल्या समोरच होत्या. तरी मी खालचा खण उघडला, मग त्याच्या खालचा. हातमोजे मोजले. माझ्या नोकरीत असं मी कधी केलं नव्हतं.

"पोरी," आबांची हाक आली, "बाटली घावंना व्हय?"

मी वळून पाहिलं. त्यांनी सदऱ्याची बाही दंडापर्यंत दुमडून हात टेबलावर ठेवला होता.

डॉक्टर नुकतीच शिकून आलेली मुलगी. तिला नातं समजलं होतं. "सिस्टर, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल," ती हळूच म्हणाली.

"ऱ्हाऊ दे तिला," आबा म्हणाले. "पर सुई तुमी लावा, बाई. आन् उशीर करू नका. रगतात हाय तवर घ्या."

"आवं दादा, काय बोलताय ह्ये!" चुलता पुढे आला.

"गप रं. बाई आडवी आली तवा माजा पाय ब्रेकवर उशिरा गेला. प्यालो नसतो तर येळंत गेला असता. ड्रायव्हर हाय मी, येवढं कळतंय मला."

हवालदाराचं पेन थांबलं.

अशा वेळी कातडी स्पिरिटनं पुसत नाहीत, कारण त्यातही अल्कोहोल असतं. मी डॉक्टरच्या हाती साबणाच्या पाण्याचा बोळा दिला. सुई गेली तेव्हा आबांनी डोळे मिटले नाहीत. बाटलीवर लाखेचं सील बसेपर्यंत ते बघत उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, त्या माणसाची उंची मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

अहवाल यायला महिने गेले. दारू मर्यादेपेक्षा जास्त निघाली. मधल्या काळात एकदा मी त्यांना सांगून टाकलं, "आबा, बाटल्या समोरच होत्या."

"ठावं हाय," ते म्हणाले आणि बैलाला पाणी दाखवायला गेले.

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. लायसन गेलं, जीप विकली. आता मी सांगलीत बदलून आले आहे, तर आबा मला भेटायला एसटीनं येतात, खिडकीशी बसून.

पण माझ्या मनातून जात नाही तो कोर्टाचा व्हरांडा. ती बाई काठी टेकत आली होती. आबा हात जोडून उभे राहिले. ती म्हणाली, "तुमी खरं बोललात म्हनून काई माजा पाय सरळ व्हत न्हाई."

"व्हय," आबा म्हणाले.

माफी दिली असं ती म्हणाली नाही, त्यांनीही मागितली नाही. ती जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत आबा तसेच उभे होते, आणि मला त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं धाडस झालं नाही.