तीनचाकीचे तात्या

तात्यांना सायकल येत नव्हती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना लोक नेमकं हेच विसरतात. पन्नाशीला आलेल्या या माणसाने उभ्या जन्मात दोन चाकांवर बूड टेकलं नव्हतं. आणि तरी आमच्या कर्जत-खालापूर भागात तीन चाकांची फटफटी वळवायला जो जो शिकला, तो तात्यांच्या हाताखालीच शिकला. त्यांत मीही आलो. माझ्याकडे तर लष्करात चार वर्षं मोटारसायकल चालवल्याचा दाखला होता.

तात्या मूळचे माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीतले. वीस वर्षं त्यांनी माथेरानात हातरिक्षा ढकलली. तिथे मोटार नाही, त्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांना माणसंच वाहून नेतात. एक गडी पुढे दांडीत आणि दोघे मागे. चढावर मागच्यांनी ढकलायचं, उतारावर मागे ओढून धरायचं. तात्या कायम मागे असत, म्हणून त्यांचं नाव ढकल्या पडलं. मग उजवा गुडघा गेला. लेक माथेरानातच दिलेली होती, पण जावयाच्या दारात बसून खाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते खाली कर्जतला उतरले आणि हसनशेटच्या सोड्याच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागले. दिवसभर उभ्याने करायचं काम. संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा सुजायचा, पण विचारलं तर म्हणायचे, "हाय, चाललंय."

दुसरं महायुद्ध संपल्यावर मी घरी आलो तो छातीवर एक पदक आणि डोक्यात भरपूर वारा घेऊन. लष्कराने मोडीत काढलेल्या मोटारसायकली तेव्हा लिलावात मिळत. हसनशेटनी त्यांतली एक उचलली, खोपोलीच्या एका कारागिराकडून मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा कणा बसवून घेतला आणि वर लाकडी हौदा ठोकला. बैलगाडीला खोपोली गाठायला निम्मा दिवस लागायचा. फटफटीने तोच माल खोपोली, खालापूर, कुंभिवली करून दुपारच्या आत परत, असा शेटचा हिशेब. चालवायला अर्थातच मी. पहिल्या दिवशी मी पदक लावून गाडीवर बसलो होतो, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

पळसदरीच्या अलीकडे एक उजवं वळण आहे. मी झोकात उजवीकडे कललो आणि गाडी तितक्याच झोकात डावीकडे निघाली, बांध ओलांडून शेतात गेली आणि आडवी झाली. भरलेल्या सोड्याच्या बाटल्या एकामागून एक फुटायला लागल्या तेव्हा मला क्षणभर पुन्हा आघाडीवर असल्यासारखं वाटलं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पदकावर मात्र व्हिमटोचा लाल, गोड सोडा सांडला होता.

काचा वेचायला शेटबरोबर तात्या आले. बाकी सगळे माझ्याकडे बघत होते, हे खाली वाकून रस्त्यावरची चाकाची खूण बघत होते. बराच वेळ बघून त्यांनी मला शांतपणे विचारलं, "उजवीकडं जायाचं व्हतं ना रं, फौजी? मग चाक डावीकडं का वळवलंस?"

मी वळवलंच नाही, असं मी शपथेवर सांगितलं. आणि मला ते खरंच वाटत होतं. दोन चाकांच्या गाडीवर उजवीकडे जायचं तर माणूस उजवीकडे कलतो आणि कलताना त्याचा उजवा हात नकळत हँडलला पुढे रेटतो. दोन चाकांवर ते बरोबरच असतं, गाडी लवते आणि वळते. तीन चाकांची गाडी लवत नाही. तिचं हँडल उजव्या बाजूने पुढे रेटलं की चाक गुमान डावीकडे वळतं. चार वर्षं मी हे करत होतो आणि माझ्या हाताला काय सवय लागली आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. हे मला कोणा साहेबाने शिकवलं नाही. एका बाटल्या धुणाऱ्याने चाकाची खूण वाचून शिकवलं.

हसनशेट तसे दिलदार, पण त्या दिवशी त्यांचा जीव विटला होता. फटफटी विकून टाकायची, बैलगाडी पुन्हा जुंपायची आणि खोपोलीचं गिऱ्हाईक सोडून द्यायचं, असं त्यांनी तिथेच ठरवलं. कर्जतपुरता सोडा करायचा तर मीही नको आणि बाटल्या धुवायला तात्याही नकोत. मग तात्या पुढे झाले. त्यांना इतकं बोलताना मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

"शेट, पंधरा दिस ही गाडी मला द्या. मला आता बसून करायचं काम पायजे. उभ्यानं व्हत नाय. नायच जमलं तर मी वर जातो, परत रिक्षा ढकलतो."

शेटनी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. त्या गुडघ्याला माथेरानचा एक चढ तरी झेपला असता का, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. शेट म्हणाले, "ले जाव. पंधरा दिवस. पण पुन्हा माल सांडला तर मला तोंड दाखवू नका, दोघं पण."

ते पंधरा दिवस आम्ही स्टेशनापलीकडच्या एका वाळल्या भातखाचरात काढले. मी त्यांना क्लच, गियर आणि पेट्रोलची मूठ शिकवली. ते सगळं त्यांनी चार दिवसांत उचललं, तोंडाने एकेक पायरी पुटपुटत. वळवणं मात्र त्यांनी मला शिकवलं. रिक्षाची दांडी धरतात तसं ते हँडल धरत, वरून, सैल, कोपरं मोकळी ठेवून. "आवळू नको," ते म्हणायचे, "रस्ता हातात येऊ दे." वळणाआधीच गाडी हळू करायची, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. आतला हात आपल्याकडे ओढायचा, बाहेरचा पुढे द्यायचा. नजर वळणात नव्हे, वळणाच्या पलीकडे. हे झालं हाताचं. अंगाचं काम वेगळं. गाडी अंगाने वळत नाही, पण वळताना ती बाहेरच्या अंगाला कलंडू बघते, म्हणून आपलं वजन आतल्या बाजूला न्यायचं. माथेरानात मागचे गडी प्रत्येक वळणाला हेच करतात. पुढचा ओरडतो, "आत," आणि मागचे आतल्या चाकावर भार टाकतात. वीस वर्षं ज्याने हा शब्द ऐकला, तो आता माझ्यावर ओरडत होता.

तोंडाने मात्र ते फार कमी शिकवत. त्यांनी गोळीच्या सोड्याची एक रिकामी बाटली सुतळीने हौद्याच्या दांड्याला टांगली. वळण नीट घेतलं तर ती झुलायची आणि परत यायची. घाई केली, हिसका दिला, की दांड्यावर टण्णदिशी आपटायची. मी एखादं वळण घेऊन मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे बघितलं की म्हणायचे, "मला काय इचारतोस? बाटलीला इचार." त्या पंधरा दिवसांत मी त्या बाटलीचा जितका दुस्वास केला, तितका शत्रूचाही केला नव्हता.

रस्ता त्यांना पायाने वाचायची सवय होती. खाचरातून बाहेर पडण्याआधी ते दुखऱ्या गुडघ्याने, अनवाणी, पळसदरीपर्यंत चालत जाऊन आले. कुठे खडी सुटली आहे, कुठे गाडीवाटेच्या चाकोऱ्या खोल आहेत, हे त्यांच्या तळव्यांना समजत असे. खड्डा दिसला की मी पुढचं चाक वाचवायचो आणि मागचं एक चाक नेमकं त्यात जायचं. तात्यांचं म्हणणं असं की पुढचं चाक आपलं, ते आपण सांभाळूच, मागची दोन लोकांची पोरं आहेत, त्यांची आधी काळजी घ्यायची.

सोळाव्या दिवशी शेटनी परीक्षा घेतली, आणि घेतली ती थेट बोरघाटात. शिंगरोबाच्या देवळाशी मोटारलॉऱ्या इंजिन गार करायला थांबत. तिथे एका दुकानदाराला भरलेला माल द्यायचा, त्याच्याकडच्या रिकाम्या बाटल्या घेऊन खाली यायचं. शेट स्वतः खोपोलीला थांबले. चढताना तात्यांनी सगळे खोके हौद्याच्या पुढच्या टोकाला, जवळजवळ स्वतःच्या पाठीला चिकटवून लावले. मागे वजन पडलं तर चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक कोणाचं ऐकत नाही. माझ्या फौजी डोक्यात हे आलं नव्हतं.

खरा प्रसंग उतरताना आला. रिकाम्या बाटल्या खडखडत होत्या, तात्या हँडलवर आणि मी मागे हौद्यात, ढकल्याच्या जागेवर. एका डाव्या वळणात खालून लॉरी आली ती निम्म्याहून जास्त रस्ता खात. उजवीकडे दरी. मी तात्यांच्या जागी असतो तर ब्रेक दाबला असता आणि हे सांगायला उरलो नसतो. तात्यांनी ब्रेकला हात लावला नाही. डावा हात त्यांनी सावकाश पोटाशी ओढून घेतला आणि मान न वळवता म्हणाले, "आत, फौजी." मी हौद्याच्या डाव्या कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर लोंबलो. माझ्या नाकासमोर ते आतलं चाक जमिनीवरून वीतभर उचललं गेलेलं मला दिसलं. मग ते हळूच खाली टेकलं, लॉरी गेली आणि रस्ता सरळ झाला. दांड्यावरची बाटली दूरवर झुलली आणि परत आली. वाजली नाही.

खोपोलीला शेटनी एकेक बाटली उचलून उजेडात धरून पाहिली. एकीला तडा होता. ती तात्यांनी वरच बाजूला काढून फडक्यात गुंडाळली होती आणि दुकानदाराला दाखवली होती. शेटनी एक थंड व्हिमटो फोडला आणि स्वतःच्या हाताने तात्यांना दिला. आजवर कोणाच्या यशाचा मला इतका आनंद झालेला नाही, स्वतःच्यासुद्धा.

पुढे तात्या अलिबागेला जाऊन लायसन घेऊन आले, अंगठा उठवून. ढकल्या हे नाव आपोआप गळून पडलं. दुसऱ्या कारखान्यांच्या, बर्फवाल्यांच्या तीनचाक्या आल्या आणि त्यांचे ड्रायव्हर आमच्या खाचरात बाटली टांगून फेऱ्या मारू लागले. कोणी चांगलं चालवलं तर तात्या दोनच शब्द बोलत, "वाजली नाय." ही त्यांची शाबासकी. इतरांना ती अधूनमधून मिळायची. मला चार वर्षांत एकदाही मिळाली नाही. मी कितीही निगुतीने चालवलं तरी त्यांना काहीतरी सापडायचंच. मी एकदा चिडून कारण विचारलं, तर म्हणाले, "तू शिकवणार हाईस म्होरं. तुला एवढ्यात कसं सोडू?"

मग त्यांची छाती धरली. लेक माथेरानाहून आली आणि या खेपेस तिने त्यांचं काही ऐकलं नाही. नेरळहून माथेरानच्या छोट्या आगगाडीने मी त्यांना वर नेलं. स्टेशनाबाहेर हातरिक्षा उभी होती, पुढे दांडीत त्यांचाच एक जुना जोडीदार. तात्या बसेनात. वीस वर्षं ज्या रिक्षा ढकलल्या, त्यांतल्या एकीतही ते कधी बसले नव्हते. चालतच जाईन म्हणाले, चार पावलं चालले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, "तात्या, तुम्हाला बसून करायचं काम पाहिजे होतं ना? मग बसा आता." ते हसले आणि बसले. त्यांच्या पिशवीतून ती बाटली काढून मी रिक्षाच्या टपाच्या दांड्याला टांगली आणि दुसऱ्या गड्याशेजारी मागे जाऊन उभा राहिलो.

तांबड्या मातीचा तो उताराचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक वळणाला मी "आत" ऐकू येईल म्हणून कान देत होतो आणि तो शब्द यायच्या आधीच आतल्या चाकावर भार टाकत होतो. तात्या एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं झोप लागली असेल. डोकावून पाहिलं तर ते जागे होते, आणि बसल्या जागी स्वतःसुद्धा आतल्या अंगाला सरकत होते.

लेकीच्या दारात रिक्षा थांबली. मी हात देऊन त्यांना उतरवलं. ते वळून बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी सुतळी सोडली, बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजली नाय रं."

त्याच पावसाळ्यात तात्या गेले. मी पुढे पुष्कळ वर्षं तीनचाक्या आणि मग टेंपो चालवले, आणि शिकवले त्याहून जास्त. शिकणारा कुठलाही असो, पहिल्या दिवशी मी त्याला तात्यांचं नाव सांगतो आणि दांड्याला बाटली टांगतो. लढाईतलं ते पदक मी कुठे ठेवलं ते आता मला आठवत नाही. बाटली माझ्या उशाशी असते.