वहीदचाचांनी भरलेले चौकोन

मी औरंगाबाद सोडलं त्या सकाळी स्टँडवर पोचवायला दोघंच आले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे दोस्त वहीदचाचा. नवरा आधीच इंग्लंडला गेला होता आणि मी मुंबईची एसटी धरून विमानाला निघाले होते. चाचांनी कागदात बांधलेले नान हातात दिले. अण्णा गाड्यांच्या पाट्या वाचत उभे, जसं काही त्यांनाच कुठं जायचं होतं. बस हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं तरी क्रॉसवर्डचा क्लू वाचल्या वाचल्या तोंड उघडू नकोस. आधी विचार करत जा." आता सांगा, लेकीला असा निरोप देतात का! मला रडूही आलं आणि संतापही आला.

तुम्ही औरंगाबादला राहिलेल्यांनी चाचांचं दुकान पाहिलंय. माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठी सांगते. औरंगपुऱ्यात चाचांचं चष्म्याचं दुकान होतं. मुंबईचा इंग्रजी पेपर दुपारच्या गाडीनं यायचा, आणि ऑफिस सुटलं की अण्णा तडक तिथं. त्यातलं क्रॉसवर्ड साधं नव्हतं, महा खोडसाळ. क्लू वाचावा तर एखाद्या पाद्र्याची नाहीतर बागेची गोष्ट वाटायची, आणि उत्तर भलतंच. 'मोडका', 'वेडा', 'प्यालेला' असा शब्द दिसला की समजायचं, शेजारच्या शब्दाची अक्षरं उलटीपालटी करायचीत. शाळा सुटली की मीही तिथंच स्टुलावर बसून डोकं खाजवायची. आई म्हणायची, "पोरीला कामाचं काही शिकवा की हो." अण्णांना ते कधी ऐकूच आलं नाही.

पेन्सिल चाचांच्या हातात असायची आणि कायदा अण्णांचा. उत्तर सुचलं तरी ते का, हे तिघांना पटेपर्यंत चौकोनात अक्षर पडायचं नाही. एकदा एका शब्दावरून दोघं इतके भांडले की गिऱ्हाईक चष्मा न घेताच गेलं. चाचा म्हणाले, "अण्णा, बसतंय ना चौकोनांत!" अण्णा कडाडले, "बसतंय म्हणून लिहायचं? मग काय अर्थ राहिला?" ते चौकोन आठवडाभर रिकामेच राहिले.

इथं लीड्सला आले. थंडी, शिफ्ट, बॉयलर बिघडला की काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन, पुढं पोरांच्या शाळा. आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर मात्र दर रविवारी मी दुकानात फोन करायची. तिकडून अण्णा क्लू वाचायचे, इकडं मी ओट्याशी उभी राहून डोकं लढवायची. नवरा हसायचा, "लोक घरी फोन करून तब्येत विचारतात." अहो, आमची तब्येत तीच होती.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी अण्णांनी एक शब्द सांगितला. मला काही केल्या पटेना. विचारलं, "का पण, अण्णा?" ते म्हणाले, "बसतंय की. लिही गं वहीद." मी वाट पाहिली, आता चाचा उसळतील. चाचा शांतपणे म्हणाले, "लिहिलं, अण्णा." पुढचा शब्दही तसाच, त्याच्या पुढचाही. चाचांना 'गं' म्हटलेलंही अण्णांच्या ध्यानात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, अण्णा दुकानात नसतील अशी वेळ साधून मी चाचांना फोनवर गाठलं. ते म्हणाले, "दिवाळीच्या आधीपासून अण्णांचं असं विसरणं चाललंय बेटा. कधी घरचा रस्ता चुकतात. मी सोडून येतो, डबा आमच्याकडूनच जातो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही? चाचा, मी काय परकी आहे?" मी ओरडलेच.

"सांगून काय केलं असतंस, इतक्या दुरून? निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर माझे भाऊ कराचीला गेले. अम्मी अंथरुणाला खिळली तरी मी त्यांना कळवायचो, सब खैरियत. गेलेल्याला अजून काय सांगायचं, बेटा?"

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि ते खरं बोलत होते, याचा त्याहून जास्त. घर आपण सोडतो, मग घर आपल्याला अशी चांगली-चांगली बातमी देत राहतं, आणि आपण ती गोड मानून घेतो. मीही इतकी वर्षं मानलीच की.

तिकीट काढलं. परतीची तारीख टाकली नाही. नवऱ्यानं विचारलं, किती दिवस? म्हटलं, ठाऊक नाही.

रविवारी दुकानात फोन केला. "अण्णा, मी येतेय." त्यांनी रिसीव्हर बाजूला धरला असावा. त्यांना वाटलं मला ऐकू जाणार नाही.

"वहीद, पोरगी येतेय. माझं काही बोलू नको हं तिच्यापाशी. उगी घाबरंल."

"नाय बोलत," चाचा म्हणाले.

अण्णांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. "काय गं, मधेच कशी काय निघालीस? सगळं ठीक आहे ना तिकडं?"

"ठीक आहे, अण्णा," मी म्हटलं. "सुट्टी शिल्लक होती, म्हणून येतेय."